अतिथंड वायूतली शीव

मी वाचायला शिकले ते गुलाबी कागदांवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात तुरीच्या वाफ्यांवर कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. अंगात आणून पैसे उकळणाऱ्या बाबाच्या विरोधात, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागावं म्हणून, शाळेतली मुलींची मुतारी दुरुस्त व्हावी म्हणून. कागद स्वस्तातला, गुलाबी नाहीतर पिवळा, आणि शाई बोटाला लागणारी. आई घड्या घालायची. मोठा भाऊ वाचून दाखवायचा. मी धाकटी, मला नेमून दिलेलं काम नव्हतं. मी नुसती ऐकायचे. ऐकता ऐकता माझी अशी समजूत झाली की जगातला कुठलाही मजकूर शेवटी काहीतरी मागतो. मागत नसेल तर तो अर्धवट आहे.

पत्रकाचे नियम आमच्या घरात देवासारखे पाळले जायचे. देव पाळत नव्हतो म्हणून असेल. एकाच बाजूला छापायचं, म्हणजे मागची कोरी बाजू कुणाच्या तरी कामाला येते आणि कागद लगेच रस्त्यावर पडत नाही. खोटी ओळ छापायची नाही, शंकेचीसुद्धा नाही. शेवटची ओळ मागणीची. आणि छापायला टाकण्याआधी पत्रक स्टेशनवर वाचून दाखवायचं.

सकाळी जालन्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरसाठी बदनापूरच्या फलाटावर माणसं उभी असतात. बँकेतले, बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बाया, कोर्टात तारीख असलेले. भाऊ सिमेंटच्या बाकावर चढून वाचायचा. अण्णा पेन्सिल घेऊन बाजूला. ऐकणाऱ्यानं मान वळवून गाडी दिसते का पाहिलं, की त्या क्षणी चालू असलेल्या ओळीखाली अण्णांची पेन्सिल फिरायची. ती ओळ घरी आल्यावर जायची. सगळं वाचून झालं की कुणीतरी ‘मंग?’ म्हणायला हवं. मंग आम्ही काय करायचं, मंग तुम्ही एवढे दिवस झोपले होते का, कसंही. ‘मंग?’ आलं की पत्रक पास. आलं नाही तर भाऊ मुकाट्यानं बाकावरून उतरायचा आणि अण्णा म्हणायचे, “पुन्हा लिवू.”

भावाचा आवाज मोठा नव्हता. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो टाचा उचलायचा. वाक्य खांद्यावरून पलीकडे टाकायचं असल्यासारखा. मी खाली बसलेली असायचे, माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या चपला असायच्या. अजूनही कुणी मोठ्यानं वाचायला लागलं की मी आधी त्याचे पाय बघते.

तो परदेशी गेला तेही झटपट गेला. पुण्यात भौतिकशास्त्र शिकत होता. तिकडून अमेरिकेतल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं आणि त्याच उन्हाळ्यात व्हिसा, तिकीट, बॅग सगळं उरकलं. कुणाला काय वाटतं हे विचारायला कुणाला सवडच झाली नाही. आईनं लोणच्याची बरणी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, अण्णांनी नव्या पत्रकांचा एक गठ्ठा दिला, मी काहीच दिलं नाही. त्यानंतर तो येऊन गेला, पण पाहुण्यासारखा. त्याची बॅग पलंगाखाली जायची नाही, दाराशीच असायची.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं फोनवर सांगितलं की तिकडं त्याला कायमची जागा देतायत. आणि पुण्याच्या एका संस्थेनंही बोलावलंय. दोघांनाही महिनाअखेर कळवायचं आहे. पुणं! आमच्या हिशेबानं पुणं म्हणजे अंगणच. शनिवारी निघाला तर रविवारी फलाटावर उभा. मला त्याला एकच सांगायचं होतं: ये. ते मी सांगितलं नाही. अण्णांनीही नाही, आईनंही नाही. आमच्या घरात मागण्या सरकारकडे करतात, एकमेकांकडे करायची रीत नाही.

त्याच सुमारास भावाच्या जुन्या शाळेतून मुख्याध्यापक बाई अण्णांकडे आल्या. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तुमचा मुलगा तिकडं काय संशोधन करतो त्याचं एक पत्रक काढून द्या, मुलांना वाटू, म्हणाल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

“तू लिव. मला त्याचं काय उमजत न्हाई अन त्याला लिवायला टाइम न्हाई.”

मी तोवर जालन्याच्या एका छापखान्यात मजकूर टाइप करायचं आणि मुद्रितं तपासायचं काम करत होते, रात्रंदिवस दुसऱ्यांच्या चुका सुधारत. स्वतःचं पत्रक हे पहिलंच. मला माहीत होतं लोक काय म्हणतील. सामान्य माणसाला हे कळून काय करायचंय? हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला सामान्य कधीच समजत नसतो, हे मी पाहून ठेवलंय. तुरीवर कुठला रोग पडलाय हे ज्याला पानावरून कळतं त्याला अणूचं काही कळणार नाही, हे कुणी ठरवलं? ज्ञान इंग्रजीच्या कडीकुलपात ठेवायचं आणि मग बाहेर उभ्या असलेल्यांना अडाणी म्हणायचं, ही लबाडी आहे. मी त्वेषानं कामाला लागले. आणि खरं कारणही इथंच लिहिते: या पत्रकाच्या निमित्तानं भाऊ महिनाभर रोज फोनवर येणार होता.

आमची सकाळ म्हणजे त्याची संध्याकाळ. आई चुलीपाशी नाही पण गॅसपाशी, अण्णा खाटेवर, मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर वही घेऊन. फोनच्या चौकटीत भाऊ, मागं पांढरी भिंत.

“सोपं सांग,” मी म्हणाले.

“सोपंच हाय. आधी गार करायचं.”

“किती गार?” आईनं तिकडून विचारलं.

“लई गार, आई. ताऱ्यांच्या मधी रिकामी जागा असती ना, तिच्यापेक्षाबी गार.”

“आन तू हाफ शर्टावर बसलाय व्हय? कानटोपी कुठंय मी दिल्याली?”

“गार ते असतंय, मी न्हाई. स्टीलच्या डब्याच्या आत, हवा काढून घेतलेली असती. डबा हाताला गारसुद्धा लागत न्हाई.”

“मंग बाहेर बसून तू करून काय राह्यला एवढी वर्षं?”

तो खूप हसला. त्याचं हसणं फोनवर तुटत तुटत आलं.

मी लिहून घेत गेले आणि रोज एक-दोन ओळी पक्क्या होत गेल्या. अणू धावत असतात. त्यांना हळू केलं की वायू थंड होतो. थंडी म्हणजे दुसरं काही नाही, अणूंचं हळू होणं. प्रकाशाच्या किरणांनी सगळ्या बाजूंनी अडवून, आणि त्यातले जास्त तापलेले सोडून देऊन, अणू इतके हळू करता येतात की त्यांचं एकेकट्यानं चालणं मिटतं. हजारो अणू मिळून एकच लाट होते.

मग प्रकाशाचीच खाचा-खाचांची एक रांग करतात, ती लाट तिच्यात बसवतात, आणि ती रांग डावी-उजवी हलवतात. थोडं हलवलं तर काही होत नाही. एका हद्दीच्या पुढे हलवलं की अणूंना स्वस्थ बसणं जमत नाही. एका बाजूचा कल घ्यावाच लागतो, डावा किंवा उजवा. दोन्ही सारखेच. एक चांगला, एक वाईट असं नाही.

“डावीकडंच जास्त जात असतील,” अण्णा खाटेवरून म्हणाले.

“निम्मे-निम्मे, अण्णा. कधी हे जास्त, कधी ते.”

“संघटना कमी पडती मंग.”

भाऊ सांगत राहिला. शेजारी शेजाऱ्याचं पाहून कल घेतो. पण या टोकाची खबर त्या टोकाला जायला वेळ लागतो. तेवढ्यात इकडचे डावे होऊन बसतात आणि तिकडचे उजवे. दोघं भेटतात तिथं एक बारीक पट्टी राहते, धड अशी ना तशी. तिला इंग्रजीत डोमेन वॉल म्हणतात. भाऊ त्याच पट्टीचा अभ्यास करतो. तिला ढकललं तर ती अख्खीच्या अख्खी सरकते, जणू ती स्वतःच एक वस्तू आहे.

“वॉल म्हणजे भिंत,” अण्णा उठून बसले. “कुणी बांधली?”

“कुणीच न्हाई.”

“असं कसं? भिंत हाय म्हणल्यावर बांधणारा हाय. फायदा कुणाचा होऊन राह्यला ते बघा.”

“फायदा कुणाचाच न्हाई, अण्णा. दोन्हीकडं तेच अणू. भिंतीत पण तेच. दुसरं काही सामान लागलेलंच न्हाई.”

“तुम्ही लोकांनी शोधलं न्हाई बराबर.”

मीही अण्णांचीच मुलगी. पहिल्या खर्ड्यात मी लिहून टाकलं होतं: भिंत कुठलीही असो, ती पाडलीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते भावाला वाचून दाखवलं तर तो कपाळाला हात लावून बसला.

“तायडे, कशाला पाडती? तिनं काय केलं तुझं? दोन भिंती सरकत सरकत एकमेकींना भेटल्या की आपोआप मिटत्यात. पाडायला गेलीस तर सगळा वायूच उधळून जाईल.”

“पण भिंत म्हणलं की वाचणाऱ्याला पाडावीशी वाटणारच.”

“मंग भिंत म्हणू नको.”

त्यावर आमच्या घरात दोन सकाळी गेल्या. अण्णांनी प्रभागरेषा सुचवलं, ते नगरपंचायतीच्या निवडणुकीसारखं वाटलं. मी बांध म्हणाले. अण्णा म्हणाले, बांध म्हणलं की लोक आधी विचारतील, भांडण कुणाकुणाचं हाय. मग फोनमधून भाऊ हळूच म्हणाला, “शीव.”

आम्ही तिघंही त्या चौकटीकडे बघायला लागलो.

“पयल्यांदा फोटोत पाह्यली ना, तवा माझ्या तोंडातून तेच निघाल्तं. शीव. सगळे टाळ्या वाजवून राह्यले होते. बाजूचा म्हणाला, काय म्हणालास? म्हणलं काही न्हाई.”

शीव मला चांगली आठवत होती. लहानपणी अण्णांच्या सायकलवर आम्ही दोघं, भाऊ मागं कॅरेजवर आणि मी पुढं नळीवर, पत्रकं वाटायला आजूबाजूच्या गावांना जायचो. अण्णा मध्येच म्हणायचे, गावाची शीव ओलांडली. मी वळून बघायचे. अलीकडं काळी माती, तूर. पलीकडं काळी माती, तूर. एक आडवा पडलेला दगड, कधी तोही नसायचा. मी विचारायचे, कुठंय? भाऊ मागून म्हणायचा, गेली.

आता त्या टाळ्यांच्या आवाजात उभा राहून एकटाच तो शब्द बोलणारा माझा भाऊ मला दिसत होता. त्याला घरची ओढ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी लगेच माझ्या सोयीचा निष्कर्ष काढला: म्हणजे तो येणार.

एका रविवारी आई-अण्णा लग्नाला धावड्याला गेले होते आणि फोनवर आम्ही दोघंच होतो. मी त्याला विचारलं, रोज तीच शीव बघतोस का? तर म्हणाला, नाही. फोटो काढायचा म्हणजे वायूवर उजेड टाकावा लागतो, आणि उजेड टाकला की तो वायू संपतो. एक वायू, एक फोटो. मग पुन्हा पहिल्यापासून गार करायला लागायचं. नव्या वायूत शीव दुसरीकडेच असते, कधी एक, कधी बऱ्याच.

“बऱ्याच कधी होतात?”

“घाईनं हलवलं की. खबर पोचायला टाइमच भेटत न्हाई. हळूहळू हलवलं तर मोठे मोठे इलाखे होत्यात, शिवा कमी.”

मी वहीत बघत विचारलं, “आपल्याकडं पण घाईच झाली न्हाई का? तू गेलास तवा?”

चौकटीतला त्याचा चेहरा हलला नाही. फोन अडकलाय असं वाटून मी चौकटीवर बोट टेकवलं.

“झाली,” तो म्हणाला.

“हळू केलं असतं तर?”

“तर कमी होत्यात, तायडे. होतच न्हाईत असं न्हाई.”

पुढे तो मला लेझरबद्दल काहीतरी सांगायला लागला. ते मी लिहून घेतलं नाही.

पत्रकाचा शेवट मी एका बैठकीत लिहिला. तो मला फार आवडला होता. “अशी प्रयोगशाळा मराठवाड्यात नाही. म्हणून इथल्या मुलांना नाइलाजानं परदेशी राहावं लागतं. आमची मागणी आहे की असं काम करणारी प्रयोगशाळा मराठवाड्यात उभी राहावी.” यातली मधली ओळ मी लिहिली तेव्हा माझा हात गरम झाला होता. नाइलाजानं. त्या एका शब्दात भाऊ होता, आईची कानटोपी होती, दाराशी ठेवलेली बॅग होती. दोष सगळा सरकारचा होता आणि आमच्यातल्या कुणाचाच नव्हता.

स्टेशनवर मीच वाचलं. आता वाचणारी मीच आहे, बाकावर मात्र चढत नाही. लाट, खाचा, कल, शीव. पॅकिंगला जाणाऱ्या बायांपैकी एकीनं मध्येच दुसरीला कोपरानं ढोसलं, “आपल्या दोघींच्या टेबलामधी हाय बघ तसली.” मान वळवून गाडीकडं कुणी पाहिलं नाही. शेवटच्या ओळीनंतर बँकेतले एक गृहस्थ म्हणाले, “मंग? होऊन राह्यली का प्रयोगशाळा?” आणि ती कोपर मारणारी बाई म्हणाली, “मंग तुझा भाऊ येतो का माघारी?”

“प्रयोगशाळा झाली की येईल,” मी म्हणाले.

पत्रक पास झालं. अण्णांची पेन्सिल फिरलीच नाही. त्याच दिवशी मी मजकूर छापखान्यात लावला, आणि शास्त्रात काही चुकलंय का बघ म्हणून भावाला पाठवला.

दुसऱ्या सकाळी त्याचा फोन आला तेव्हा आई नळावर होती. अण्णा केंद्राच्या बाजूला फिरायला गेले होते.

“चांगलं झालंय,” तो म्हणाला. “एकदम बराबर. फक्त एक ओळ काढ.”

“कुठली? खाचांची?”

“नाइलाजानं राहावं लागतं म्हणलंय ती.”

मला राग आला. शास्त्रातलं त्यानं काहीही काढलं असतं तर चाललं असतं, पण हा माझा भाग होता. “का? खोटी हाय? किती पोरं गेली इथून? जायला लागलं म्हणूनच गेली ना? इथं काय ठेवलंय त्यांच्यासाठी?”

“त्यांच्यासाठी खरी असंल. पण हे पत्रक माझ्या कामाचं हाय. वाचणारा मलाच धरणार.”

“मंग तुझ्यासाठी खोटी हाय का?”

“पुण्याचं बोलावणं आलंय ना मला,” तो म्हणाला. “जागा चांगली हाय. माणसं चांगली हायत. नाइलाज कुठं राह्यला?”

मला वाटलं तो आता पुढं म्हणेल, म्हणून मी येतोय. मी तांब्याला टेकवलेला फोन सरळ केला.

“मी त्यांना न्हाई म्हणून कळवलंय काल. मी इथंच राहणार हाय, तायडे. कुणी ठेवून न्हाई घेतलं. मला राहायचंय. हे काम, हा डबा, इथली माणसं, मला इथं बरं वाटतं. तुमची आठवण येती. रोज येती. पण ती येती म्हणून बाकीचं खोटं होत न्हाई.”

मी पुष्कळ काही बोलू शकले असते. भाषणाला मी कमी पडत नाही, तालुक्यात माहीत आहे. मी म्हणू शकले असते की बरं वाटण्यासाठी माणूस स्वतःची माती सोडत नाही, की हे आपलं घर शिकवत नाही. पण आमच्या घरानं मला एकच गोष्ट खरोखर शिकवली होती, आणि ती त्या वेळी आडवी आली. खोटी ओळ छापायची नाही.

“काढते,” मी म्हणाले.

नळावरून आई आली. भावानं तिला काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की धावड्याच्या लग्नात जेवायला काय होतं.

छापखाना ज्यांचा आहे ते शेठ राजस्थानातल्या घराण्यातले, पण त्यांच्या पणजोबापासून जालन्यातले. लग्नपत्रिका आणि बियाण्यांच्या पाकिटांची लेबलं यांवर त्यांचं दुकान चालतं. आमची पत्रकं ते अण्णांच्या जुन्या ओळखीवर छापतात आणि छापताना दरवेळी आम्हाला चार शब्द सुनावतात. मी संगणकावर ती ओळ पुसली तेव्हा ते मागंच उभे होते.

“ये क्या, बेटा? अच्छी लाइन होती. दिल को लगने वाली.”

“खरी न्हाई, काका.”

“पत्रक में कौन देखता है? पत्रिका में मैं हर दुल्हे को सुपुत्र छापतो. सगळे सुपुत्र असतात का?” ते स्वतःच हसले, मग थांबले. “जगह खाली राहिली बघ. बेल-बूटा टाकू? गणपती तो तुम लोगों को चलेगा नहीं.”

“राहू द्या तशीच.”

“खाली जगह गिऱ्हाईक को समझ में नहीं आती. उसको लगता है मशीन बिगड गई.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “भाई आ रहा है ना? उसकी पत्रिका मैं छापूंगा, बोल के रखा है तेरे बाप को.”

मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी कच्ची प्रत अण्णांपुढे ठेवली. ते चष्मा वर-खाली करत वाचत गेले आणि मोकळ्या जागेवर येऊन थांबले. बोट तिथंच राहिलं.

“ओळ का गेली?”

“खरी न्हाई म्हणून.”

अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं आता विचारतील, कुणी सांगितलं, कधी, काय म्हणाला. अण्णांनी आयुष्यभर प्रत्येक भिंतीला बांधणारा शोधला, इथंही शोधतील. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

“बराबर,” ते म्हणाले. “खाली मागणी हाय ती असू दे. ती आपली हाय.”

आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पापडाचा डबा होता, पुण्याला पाठवायला सोपे जातील म्हणून तिनं याच महिन्यात जास्तीचे लाटून ठेवले होते. तिनं डबा फडताळावर ठेवला, मग पुन्हा काढला, मग खाली ठेवला.

“मंग आता दुसरी कानटोपी विणावी लागंल,” ती म्हणाली. “पयली लहान झाली असंल.”

ओळ बदलली की पत्रक पुन्हा वाचून दाखवायचं, हाही नियमच. भावाला ते आठवत होतं. त्यानंच विचारलं, “या वेळी मी वाचू का?”

दुसऱ्या सकाळी मी फलाटावर गेले. अण्णा म्हणाले, तू जा, माझे गुडघे दुखून राह्यले. त्यांचे गुडघे नेहमीच दुखतात आणि ते नेहमीच येतात. मी फोन सिमेंटच्या बाकावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. तो आता त्याच बाकावर होता. आवाज पूर्ण मोठा केला. माणसं गोळा झाली. पॅकिंगवाल्या बाया म्हणाल्या, हाच का तो? काय गं, वाळला बाई. भाऊ लाजला.

मग त्यानं वाचायला सुरुवात केली. “अणू धावत असतात.” चौकटीत त्याचा चेहरा आणि खांदे तेवढे दिसत होते. पण पहिलं वाक्य संपताना खांदे वर गेले, आणि मला कळलं खाली टाचा उचलल्या गेल्या. मी बाकाची कड धरून उभी राहिले. तो लाटेपाशी आला, खाचांपाशी आला. “दोन्ही सारखेच,” तो म्हणाला, आणि खांदे वर गेले. “एक चांगला, एक वाईट असं नाही.”

तेवढ्यात पॅसेंजर आली. त्या दिवशी ती वेळेवर होती, म्हणजे आमच्या हिशेबानं लवकर. माणसं पिशव्या उचलून पळाली. कोपर मारणारी बाई डब्यात चढता चढता ओरडली, “उद्या सांग गं पुढचं!” गाडीच्या आवाजात भावाचा आवाज गेला. त्याला तिकडं फलाट दिसत नव्हता, फोनमध्ये फक्त पिंपळाचं झाड आणि आभाळाचा तुकडा. ओठ हलत होते. गाडी सुटली, शेवटचा डबा सिग्नलपलीकडं गेला आणि आवाज पुन्हा ऐकू यायला लागला तेव्हा तो मागणीपर्यंत पोचला होता. मोकळ्या जागेपाशी तो जरा थांबला. “आमची मागणी आहे,” तो म्हणाला, “की असं काम करणारी प्रयोगशाळा मराठवाड्यात उभी राहावी.” खांदे वर गेले.

फलाटावर कुणी नव्हतं. एक कुत्रं बाकाखाली झोपलं होतं.

“कुणी मंग म्हणलं का?” त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. त्याला दिसत नव्हतं.

“गाडी आल्ती, भाऊ. मधीच. सगळे गेले.”

“मंग कोण राह्यलं?”

“मी हाय.”

त्यानं कागद खाली केला. फोन अडकलेला नव्हता, मागं कुणीतरी दार लावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“तू तर लिवलंयस ते,” तो म्हणाला. “तुला पाठ असंल.”

“पाठ हाय.”

“तरी वाचू?”

“वाच,” मी म्हणाले, आणि बाकासमोर खाली, फरशीवर बसले.